अर्खम बेटावरची एक रात्र
(बडोदे येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

रसिक श्रोतेहो,

'बॅटमॅन : अर्खम असायलम' हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २००९ मध्ये बाजारात आला, समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्ता हा ब्रिटिश पुरस्कारही त्याला मिळाला. एवढी वर्षे त्याची कीर्ती कानांवर येत होती; अखेर यंदाच्या पावसाळ्यात मी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळले. नावाजलेल्या जुन्या कृतीकडे उशिरा वळताना मनात थोडी धाकधूक असते, कारण ज्या गोष्टींसाठी तिचे कौतुक झाले त्या पुढे सर्वांनी उचललेल्या असतात आणि मूळ कृतीच आपल्याला शिळी वाटण्याचा धोका असतो. इथे तसे काही झाले नाही. ते का झाले नाही, याचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

खेळाच्या आरंभी बॅटमॅनने आपला कट्टर शत्रू जोकर याला पकडून आपल्या गाडीतून अर्खम या बेटावरच्या, मनोरुग्ण गुन्हेगारांच्या रुग्णालयात आणलेले असते. बॅटमॅन होऊन खेळणाऱ्या आपल्या हाती काम एकच, जोकरच्या मागोमाग चालत राहणे. लोखंडी दारे उघडतात आणि मिटतात, पहारेकरी तपासणी करतात, जोकर अखंड बडबडत असतो आणि पडद्यावर श्रेयनामावली सरकत असते. वाटेत किलर क्रॉक नावाचा अजस्र कैदी साखळदंडांत समोर येतो, थांबतो, हवेत बॅटमॅनचा वास घेतो आणि तुझा माग काढीन असे बजावून जातो. अजून एकही ठोसा मारलेला नसतो. तरीही या इमारतीत कोण कोण कोंडलेले आहे आणि दारे उघडली तर काय होईल, हे आपल्याला कळून चुकते. ज्या खेळात मारामारीला इतके महत्त्व आहे, त्याने सुरुवातीला केवळ चालायला लावावे, यात मला मोठा आत्मविश्वास दिसला.

हा खेळ लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने केला. त्याआधी त्यांच्या नावावर एकच गेम होता. त्या काळी सुपरहिरोंचे बरेचसे गेम एखाद्या चित्रपटाच्या जोडीने घाईघाईत निघत. या मंडळींनी चित्रपटाचा आधार न घेता कॉमिक्सच्या दुनियेतली एक जागा निवडली आणि सगळी कथा तिथेच, एकाच रात्रीत घडवली. अर्खमचे रुग्णालय कॉमिक्समध्ये १९७४ पासून आहे, पण तिथली प्रत्येक पायरी पायाखालची व्हावी इतक्या बारकाईने ते इथे उभे राहते. बेटावर जुना वाडा आहे, तुरुंग आहे, वनस्पतींचे उद्यान आहे, भुयारे आहेत. सुरुवातीला अर्धे दरवाजे बंद असतात; भिंत फोडणारा स्फोटक लेप (जेल), दोरीवरून सरकण्याचे साधन अशी एकेक वस्तू हाती येते आणि तासापूर्वी दुर्लक्षून पुढे गेलेल्या कोपऱ्यात आता वाट निघते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या वाड्यात मजल्यामागून मजला चढत जावे तशी भिंतींवरची चित्रे आपल्याशी बोलू लागतात, आणि त्याच दालनात पुन्हा आलो की आधी नजरेतून निसटलेली आकृती दिसते. अर्खममध्ये मला तोच अनुभव आला. तिथे कोडी घालणाऱ्या रिडलर या खलनायकाने मांडलेली २४० आव्हाने आहेत, रुग्णांच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती आहेत आणि अर्खमच्या नावाने कुणीतरी दगडांवर कोरून ठेवलेली कहाणी आहे. ती कोरणारा कोण, हे मी इथे सांगणार नाही. खेळाच्या उत्तरार्धात वनस्पतींवर हुकमत असलेल्या पॉयझन आयव्ही या खलनायिकेच्या महाकाय वेली बेटभर पसरतात, पाठ झालेले रस्ते पुन्हा परके होतात, आणि ही जागा आपण किती मनापासून ओळखू लागलो होतो याची जाणीव तेव्हा होते.

माझ्या मते या खेळाचे खरे सामर्थ्य इथेच आहे: बॅटमॅनची ताकद त्याच्या मुठीत जितकी आहे, तितकीच ती जागेच्या माहितीत आहे. एका दालनात बंदूकधारी गुंड फिरत असतात. समोरून गेलात तर क्षणात मराल. म्हणून छताजवळच्या दगडी राक्षसमुखांवर बसायचे, खाली कोण एकटा पडतो ते पाहायचे, उलटे लटकून त्याला वर खेचायचे आणि तिथेच टांगून ठेवायचे. त्याच्या किंकाळीने बाकीचे धावत येतात. डिटेक्टिव्ह मोड या बॅटमॅनच्या खास शोधक नजरेतून त्यांचे सांगाडे दिसतात आणि प्रत्येकाची मनःस्थितीही कळते: शांत, अस्वस्थ, भेदरलेला. उरलेले दोघे पाठीला पाठ लावून चालतात, सावलीवरही गोळ्या झाडतात. भीती ही इथे खेळाडूच्या हातातली वस्तू होते. पुढे जोकर त्याच राक्षसमुखांना स्फोटके लावून ठेवतो, तेव्हा आपला हक्काचा आसराच जातो.

हाणामारीबद्दल थोडक्यात सांगते. एक बटण वार करण्याचे, एक उलटवार करण्याचे. शत्रूच्या डोक्यावर निळ्या रेषा चमकल्या की उलटवार. बटणे बेभान दाबत सुटणाऱ्याचा ताल तुटतो, पाहून दाबणाऱ्याचा टिकतो. पुढच्या कितीतरी गेमांनी ही पद्धत घेतली, तरी मुळातली सफाई आजही जाणवते.

विषाने भीतीचे भास घडवणाऱ्या स्केअरक्रो या खलनायकाचे प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखे आहेत. वाड्यातल्या एका लांब मार्गिकेतून बॅटमॅन चालत असतो, हळूहळू भिंती बदलतात, छताखालीच पाऊस सुरू होतो आणि ज्या गल्लीत त्याच्या आईवडिलांचा खून झाला तिथे तो लहान मुलगा होऊन पोहोचतो. नंतरच्या एका प्रसंगात पडदा फाटल्यासारखा होतो, कन्सोल, म्हणजे गेम चालवणारे यंत्र, बिघडल्याची शंका येते आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो. फरक इतकाच, की या वेळी गाडी जोकर चालवतो आहे आणि कैदी बॅटमॅन आहे. जोकर गोळी झाडतो, हरल्याची पाटी येते, आणि खाली सूचना असते की गोळी चुकवायला मधली स्टिक वापरा. कंट्रोलरला, म्हणजे खेळाडूच्या हातातल्या बटणांच्या साधनाला, मधली स्टिक (दांडी) नसतेच! स्केअरक्रोचे विष खेळाडूपर्यंत पोहोचवण्याची ही युक्ती फक्त व्हिडिओ गेमलाच साधू शकते. कादंबरीला किंवा नाटकाला ती जमणार नाही.

उणिवाही आहेत. टायटन या रसायनाने फुगलेल्या राक्षसी शत्रूंशी होणाऱ्या लढती एकाच साच्याच्या आहेत, आणि जोकरशी होणारी अखेरची झुंज त्याच्या बुद्धीला शोभत नाही. जोकर शब्दांनी मारणारा आहे; त्याला स्नायूंचा डोंगर करणे मला पटले नाही. हे अधिकच खटकते, कारण बाकी संपूर्ण खेळात मार्क हॅमिल यांचा आवाज ध्वनिवर्धकातून आपला पिच्छा सोडत नाही. बॅटमॅनचा आवाज केविन कॉनरॉय यांचा. १९९२ पासून अॅनिमेशन मालिकेत हीच जोडी होती आणि या गेमचे लेखक पॉल डिनी त्याच मालिकेतले. कॉनरॉय नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. त्यांचे ते ठाम, तरी दुखरे बोलणे आता ऐकताना मन भरून येते.

पुढे २०११ मध्ये 'अर्खम सिटी' आणि २०१५ मध्ये 'अर्खम नाइट' आले. शहर मोठे झाले, कामे वाढली, आकाशातून तरंगत जाण्याचा आनंद वाढला. पण मोठ्या शहरात आपण नकाशावरच्या खुणेकडे उडत जातो, दार उघडून आत शिरणे कमी होते. म्हणून बेटाच्या बंदिस्तपणाची सर त्यांना आली असे मला वाटत नाही.

ज्यांना हा गेम आता खेळायचा आहे, त्यांना प्लेस्टेशन ४ वर २०१६ च्या 'रिटर्न टू अर्खम' या संचात तो 'अर्खम सिटी'सह मिळतो आणि पीसीवर मूळ गेमही आहे. माझी विनंती एवढीच, की डिटेक्टिव्ह मोड गरजेपुरताच लावा, नाहीतर सगळे बेट निळ्या काचेतूनच दिसेल. आणि मुलाखतीची ध्वनिफीत सापडली की पुढे न धावता तिथेच उभे राहून ती पूर्ण ऐका.