लॉरा: खडकावरचा घोडा

(दृश्य: वरून दिसणारं माळरान, लाल कडे, मधून जाणारा रस्ता)

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला जे निमुळतं टोक उत्तरेकडे गेलंय, ते केप यॉर्क द्वीपकल्प. क्वीन्सलंडमधल्या केर्न्स शहरातून निघालं, की तीनशेहून जास्त किलोमीटरवर लॉरा लागतं. एक दुकान, एक पब, शाळा आणि थोडीशी घरं. उत्तरेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे डिझेल भरतात आणि पुढे जातात.

आम्ही मात्र गावाच्या बाराएक किलोमीटर अलीकडेच थांबलोय, स्प्लिट रॉकपाशी.

(दृश्य: पायवाट, चढ, कड्याखालची कपार)

वालुकाश्माच्या कड्याखाली पावसापाण्यापासून आडोसा मिळाला, तिथे तिथे इथल्या मूलनिवासींनी काढलेली चित्रं आहेत. माणसं, डिंगो (इथले रानकुत्रे), वटवाघळं, मासे, रानकंद. आणि हे सडपातळ, लांब हातापायांचे, भेगेतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे दिसतात ते क्विंकन, म्हणजे इथल्या कथांतले आत्मे. यांच्यावरूनच या सगळ्या प्रदेशाला क्विंकन देश म्हणतात. उंच ते टिमारा, खडकाच्या फटीत राहणारे. खुजे, जाडजूड ते इमजिम, मुलं पळवणारे. टिमारा त्यांना आवर घालतात, असं इथले लोक सांगतात.

(दृश्य: अगदी जवळून, हाताचा ठसा)

आता हा हात बघा. रंगात बुडवून उमटवलेला नाही. हात खडकावर टेकवायचा आणि तोंडात धरलेला रंग त्यावर फुंकायचा. हात उचलला की हाताएवढी जागा कोरी राहते आणि भोवती रंगाचा धुरळा. बोटांच्या कडेला थेंब किती बारीक आहेत ते दिसतंय? रंग इथल्याच मातीचे. लाल आणि पिवळा गेरू, पांढरी माती, कोळसा. दगडावर दगड घासून पूड करायची, पाण्यात कालवायची. रेषेसाठी बोट, किंवा दातवणासारखं चेचलेलं काडीचं टोक. जुन्या चित्रावर नवं चित्र काढायला हरकत नव्हती. म्हणून इथे एकाच खडकावर पिढ्यांवर पिढ्या चढल्यात.

किती जुनं? नुसतं चित्र पाहून ते सांगणं अवघड. पण जवळच ‘अर्ली मॅन’ नावाच्या कपारीत खडकात कोरलेल्या खुणांवर मातीचे थर चढले होते. 1974 साली तिथे उत्खनन झालं आणि त्या थरांचं वय काढता आलं. खुणा त्याखाली दबलेल्या, म्हणजे त्याहून जुन्या. किमान 13,000 वर्षं.

बाहेरच्या जगाला स्प्लिट रॉक कळला तो 1960 साली. पर्सी ट्रेझीस हे वैमानिक आणि लार्डिल या मूलनिवासी समाजाचे चित्रकार डिक रफसी यांनी पुढे वर्षानुवर्षं हे डोंगर पायी धुंडाळून चित्रांच्या नोंदी केल्या. वाट दाखवायला इथलीच जाणती माणसं होती, हेही नोंदवायला हवं.

(दृश्य: महाकाय घोड्याचं चित्र)

आणि हा घोडा. खऱ्या घोड्याहूनही मोठा. ऑस्ट्रेलियात घोडा नव्हता, तो गोऱ्यांबरोबर आला. ज्याने हे काढलं, त्याच्यासाठी हे जनावर नवंच होतं. तरी मान, पाठ, पोट, कुठे चुकलंय? वसाहतीचा इतिहास लिहिणारे लोक इथेही होते, फक्त त्यांचा कागद हा होता.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, रेल्वेचे अवशेष)

1872 साली विल्यम हॅनच्या शोधमोहिमेच्या तुकडीला पामर नदीत सोन्याचा माग लागला. 1873 मध्ये सोनं शोधणाऱ्या जेम्स मलिगनने भरपूर सोनं असल्याची खबर दिली आणि झुंबड उडाली. त्याच वर्षी किनाऱ्यावर कुकटाउन वसलं. हजारो चिनी खाणकामगार आले. 1888 मध्ये कुकटाउनहून रेल्वे लॉरापर्यंत पोचली. लॉरा नदीवर पूल झाला, चाचणीची गाडी पलीकडे जाऊन आली, आणि तेवढंच. सोनं ओसरलं होतं, पुढे रूळ पडलेच नाहीत. 1961 साली मार्ग बंद झाला.

या काळात बाहेरून आलेले आणि इथले मूलनिवासी यांच्यात बॅटल कॅम्पसारख्या चकमकी झाल्या, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या मूलनिवासी शिपायांच्या घोडेस्वार दलाने, म्हणजे नेटिव्ह पोलिसांनी, किती माणसं मारली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

(दृश्य: ओल्ड लॉरा होमस्टेड, पत्रा, लाकडी खांब)

गावाच्या उत्तरेला, रिन्यिरू राष्ट्रीय उद्यानात ओब्यर्न बंधूंनी 1879 मध्ये वसवलेलं ओल्ड लॉरा. लाकूड आणि नालीदार पत्रा, जमिनीपासून उचललेलं घर. अशा गुरांच्या स्टेशनांवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठमोठ्या रानांवर, राबले ते मूलनिवासी गुराखीच. कुकू थायपान लोकांचे ज्येष्ठ टॉमी जॉर्ज आणि त्यांचे भाऊ जॉर्ज मसग्रेव्ह अशाच एका स्टेशनावर वाढले. मुलांना आईबापांपासून तोडून न्यायला पोलीस यायचे, तेव्हा स्टेशनमालकाने या भावंडांना टपालाच्या पोत्यांत लपवलं. म्हणून ती आपल्या भूमीवर राहिली आणि इथली भाषा, इथलं रान, या चित्रांच्या कथा त्यांच्याकडे राहिल्या. पुढे जेम्स कुक विद्यापीठाने दोघांनाही मानद डॉक्टरेट दिली.

(दृश्य: गावातलं सांस्कृतिक केंद्र, वाटाड्यासोबत चढणारे पर्यटक)

2018 साली क्विंकन देश ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आला. स्प्लिट रॉकची देखभाल इथल्या लोकांचीच आंग-न्यारा संस्था करते. पायथ्याशी शुल्क भरा आणि वर जा. घोड्यापर्यंत जायचं, तर गावातल्या केंद्रातून इथलाच वाटाड्या घ्या. कथा त्याच्या तोंडूनच ऐका, आणि खडकाला हात लावू नका. पावसाळा टाळा, नद्या चढल्या की रस्ते बंद होतात.