लाईन जाणाऱ्या गावात लॅपटॉपचा वायफाय बॅकअप

राम राम मंडळी! आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या बहिणीनं दोन वर्षं तिच्याजवळ बसून रेकॉर्ड केल्या होत्या. सगळ्या लॅपटॉपमध्येच. मागच्या पावसाळ्यात लॅपटॉपची डिस्क गेली. आजी त्याच्या आधीच गेली होती. बाहेरची हार्ड डिस्क घरात होती, पण कपाटात. "या रविवारी कॉपी करू" म्हणता म्हणता आठ महिने निघून गेले. म्हणून आज असा बॅकअप दाखवतो, ज्याची आठवण कुणालाच ठेवावी लागत नाही.

(राउटर कॅमेऱ्याजवळ धरून)

मागचं हे यूएसबी पोर्ट बघा. हार्ड डिस्क इथं लावायची, राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी शेअरिंग चालू करायचं, पासवर्ड टाकायचा. मग घरातल्या प्रत्येक लॅपटॉपला ती वायफायवर दिसते. डेटा पॅक संपेल का? नाही ना! फाइल लॅपटॉपमधून राउटरवर, तिथून डिस्कवर जाते. घराबाहेर पडतच नाही. इंटरनेट बंद असलं तरी बॅकअप चालतो.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, फाइल हिस्टरी, सिलेक्ट ड्राइव्ह, ॲड नेटवर्क लोकेशन. डिस्क निवडा, टर्न ऑन करा. आता दर तासाला बदललेल्या फाइल आपोआप तिकडं जातील. एक मात्र नीट ऐका: आपल्यापैकी कितीतरी जणांचं सगळं कामाचं डी ड्राइव्हमध्ये असतं, आणि ते फाइल हिस्टरी आपणहून घेत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' करा.

आमचं घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वसरीत छान पळतं, माजघरात पोचतच नाही. तिथं २.४ गिगाहर्ट्झचं टिकतं, पण मला सेकंदाला जेमतेम ३ एमबी मिळाले. म्हणजे १०० जीबीला सव्वानऊ तास! एवढा वेळ सलग लाईन राहते का आपल्याकडं? म्हणून पहिला बॅकअप लॅपटॉप राउटरला नेटवर्क केबलनं जोडून घ्या. १०० एमबीपीएसच्या (हे मेगाबिट, आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) साध्या पोर्टवरही सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतात, तेच काम अडीच तासांत होतं. नंतरचं रोजचं थोडंथोडं वायफायवर सहज जातं.

आता लाईनचंच बोलू. लाईन गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, त्यामुळं आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण डिस्कला करंट राउटरमधून मिळतो. लिहिता लिहिता तो तुटला, तर एखादी फाइलच काय, अख्खी डिस्क वाचता येईनाशी होऊ शकते. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि इन्व्हर्टरवर मोडचं बटण असेल तर ते 'यूपीएस'वर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर यायला जरा उशीर लागतो, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

(डिस्क माइकजवळ नेऊन)

हा आवाज ऐका. टक... टक... टक. माझ्या डिस्कला करंट पुरत नव्हता, तेव्हाचा हा आवाज. यूएसबी २.० पोर्ट नियमानं अर्धा अँपिअर देतं, ३.० असेल तर ०.९. असं ऐकू आलं की डिस्क आधी काढा. मग मधे ॲडॅप्टरवाला यूएसबी हब लावा, तोही इन्व्हर्टरवरच.

एवढं करूनही घरावर वीज पडली तर लॅपटॉप, राउटर, डिस्क सगळं एकदम जाऊ शकतं. म्हणून मी दुसरी डिस्क मामाच्या गावी ठेवली आहे. पोळ्याला आणि दिवाळीला गेलो की तिच्यावर नवीन कॉपी घेतो.

आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल परत आणून बघा. मामेभावाच्या मोबाइलमध्ये आजीच्या तीन ओव्या सापडल्या. त्यातली एक मी आत्ता लॅपटॉपमधून काढून टाकली. फाइल हिस्टरीतलं 'रिस्टोर पर्सनल फाइल्स' उघडतो, फोल्डर, ही फाइल, आणि हे हिरवं बटण. आली बघा. थांबा, आवाज वाढवतो.