फोटोशॉपमध्ये खरा वाटणारा शिवणीचा टाका कसा काढायचा

हाय मंडळी, आज आपण फोटोशॉपमध्ये शिवणकाम करणार आहोत. म्हणजे लोगो असो, बॅज असो, लेबल असो, त्याच्या कडेने कोणीतरी सुईदोऱ्याने टाके घातलेत असं दिसलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय, तुटक रेघ मारली की झालं. नाही होत ना! ती फॉर्मवर 'येथून कापा' लिहिलेली रेघ असते तशीच दिसते. टाका डोळ्याला पटतो तो दोऱ्यामुळे कमी आणि कापडामुळे जास्त. दोरा आवळला की खालचं कापड दबतं, बाजूला जरासं फुगतं, आणि सुई आत गेली तिथे बारीक भोक राहतं. जीन्सच्या खिशावरची टीप एकदा डोळ्याजवळ धरून बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

तरी घाई असेल तर शॉर्टकट सांगून टाकतो. शेप टूल घ्या, फिल म्हणजे आतला रंग बंद, स्ट्रोक म्हणजे कडेची रेघ चालू, स्ट्रोक ऑप्शन्समध्ये डॅश लाइन निवडा आणि कॅप, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं टोक, राउंड करा. इथे एक गोची आहे, डॅश (रेघेचा तुकडा) आणि गॅपचे (मधली फट) आकडे स्ट्रोकच्या जाडीच्या पटीत असतात आणि राउंड कॅप प्रत्येक टोकाला अर्धी जाडी आणखी पुढे येते, त्यामुळे गॅप 1 ठेवलात तर टाके एकमेकांना चिकटतात आणि वाटतं सेटिंग बिघडलं. डॅश 3, गॅप 3 ठेवा, प्रत्यक्षात 4 चा टाका आणि 2 ची फट दिसेल. छोट्या आयकॉनला एवढं पुरतं.

पण मोठं काम असेल तर स्वतःचा ब्रश बनवा. पांढरी नवी फाइल घ्या, त्यात एक काळी, गोल टोकांची, कॅप्सूलसारखी पट्टी काढा, आणि आडवीच काढा हं, कारण ब्रश पाथच्या, म्हणजे टाके ज्या रेघेवरून जाणार तिच्या, दिशेने वळतो तेव्हा तो आडव्यालाच सरळ धरतो, उभी काढलीत तर टाके कडेला काटकोनात बसतील. एडिट मेनूमधून डिफाइन ब्रश प्रीसेट करा, हा झाला भरीव ब्रश. मग त्याच पट्टीवर तिरक्या बारीक पांढऱ्या रेघा मारा, दोऱ्याचा पीळ दिसतो तशा, आणि तो दुसरा ब्रश म्हणून सेव्ह करा. ब्रशला रंग कळत नाही, त्याला फक्त काळं-पांढरं कळतं, काळं म्हणजे पूर्ण रंग, पांढरं म्हणजे आरपार, म्हणून त्या रेघांमधून खालचं दिसणार, आणि आपल्याला तेच हवंय.

आता एफ 5 दाबा, ब्रश सेटिंग्ज उघडतील. स्पेसिंग, म्हणजे ठशांमधलं अंतर, वाढवत न्या, खाली प्रीव्ह्यूमध्ये टाके सुटे व्हायला लागले की थांबा. मशीनची टीप हवी असेल तर फट अगदी कमी, हाताचा धावदोरा हवा असेल तर फट जवळजवळ टाक्याएवढी. मग शेप डायनॅमिक्समध्ये जाऊन अँगल जिटरच्या (जिटर म्हणजे आपोआप होणारा कमी-जास्त फरक) खालच्या कंट्रोलला डायरेक्शन करा. त्याच्याजवळच इनिशियल डायरेक्शन पण आहे, ते नको, ते फक्त सुरुवातीची दिशा धरतं आणि वळणावर सगळे टाके वेडेवाकडे पडतात. दोन्ही ब्रशना साइझ आणि स्पेसिंग सेम ठेवा, नाहीतर पुढे टाक्यावर टाका बसणार नाही. जिटर शून्य.

पाथ कसा? कंट्रोल दाबून लेयर्स पॅनलमध्ये तुमच्या शेपच्या थंबनेलवर, म्हणजे छोट्या चित्रावर, क्लिक करा, मॅकवाल्यांनी कमांड, सिलेक्शन आलं की सिलेक्ट, मॉडिफाय, कॉन्ट्रॅक्ट करून ते थोडं आत घ्या, टाका कधी अगदी कडेवर नसतो, तिथे कापड उसवेल! मग पाथ्स पॅनलमधून मेक वर्क पाथ.

आता लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, खालून वर. आधी कापडाचा दाब. नवा लेयर, टाक्यापेक्षा जरा जाड असा सॉफ्ट गोल ब्रश, काळा रंग, पाथवर राइट क्लिक, स्ट्रोक पाथ (म्हणजे ब्रश आपोआप पाथवरून फिरतो), आणि सिम्युलेट प्रेशरची टिक काढा. लेयरचा मोड मल्टिप्लाय (खालचं गडद करणारा), ओपॅसिटी 25 टक्क्यांच्या आसपास. त्याची कॉपी करून पांढरी करा, मोड सॉफ्ट लाइट, काळ्याच्या खाली ठेवा आणि प्रकाश डावीकडून वरून येत असेल तर दोनेक पिक्सेल उजवीकडे खाली सरकवा. बस्स, अजून एकही टाका नाही आणि कापड दबलेलं दिसायला लागलं!

त्याच्यावर नव्या लेयरवर भरीव ब्रशने दोऱ्याच्या रंगापेक्षा गडद छटेत स्ट्रोक पाथ, त्याला ड्रॉप शॅडो, डिस्टन्स 1-2 पिक्सेल, जास्त दिलात तर टाके हवेत तरंगतात. सगळ्यात वर पिळाच्या ब्रशने खऱ्या रंगात, त्याला बेव्हल अँड एम्बॉस, म्हणजे उठाव देणारा इफेक्ट. युज ग्लोबल लाइट चालू ठेवा म्हणजे सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडतात. पीळ उठून येतो, आणि फटींतून खालचा गडद रंग डोकावतो तो दोऱ्याच्या पदरांमधल्या सावलीसारखा वाटतो. भोकं मात्र टाका मोठा दिसणार असेल तरच करा, टाक्यांच्या खालच्या लेयरवर छोट्या काळ्या ब्रशने टोकांना हाताने ठिपके द्या, कंटाळवाणं आहे पण लोगोला 30-40 टाके असतील तर होऊन जातं.

हाताची शिवण हवी असेल तर अँगल जिटर 1 टक्का फक्त, ते 360 अंशांचे टक्के असतात, 1 टक्का म्हणजेच साडेतीन अंशांच्या वर गेलं. पण जिटर दर वेळी वेगळा पडतो, मग वरचा आणि खालचा लेयर जुळत नाहीत, म्हणून तेव्हा भरीव टाक्यांचा एकच लेयर ठेवा आणि त्यालाच बेव्हल आणि शॅडो दोन्ही द्या.

टोकदार कोपऱ्यावर टाका आडवातिडवा पडतोच, तिथे एकतर कोपरा गोल करा, नाहीतर प्रत्येक बाजूचा पाथ वेगळा काढून स्ट्रोक करा, दुसरं जास्त खरं दिसतं कारण टाका बरोबर कोपऱ्यावर येऊन संपतो आणि तिथून नवीन सुरू होतो.