डावं दार गरम, उजवं थंड

(पांढरा पडदा. माउसची टिचकी. तारेचा टणत्कार. थोडं थांबून दुसरा.)

ऐकलंत? ही संगणकावर घडवलेली तानपुऱ्याची तार. दुसऱ्या वेळी मी खर्ज मागितला होता. वाजला पंचम, म्हणजे आधीचाच. आता जोडीच्या तारेचा, म्हणजे मधल्या सा चा, आकडा देतो.

(टणत्कार.)

आणि आत्ता खर्ज वाजला. म्हणजे प्रोग्राम माझं ऐकतोय, पण एक पाऊल मागे राहून. दुसऱ्या प्रश्नासमोर पहिल्याचं उत्तर लिहिणाऱ्या मुलासारखा.

पडद्यावर दिसतंय ते प्युअर डेटा, आवाज घडवायचा प्रोग्राम. वापरणारे त्याला नुसतं पीडी म्हणतात. यात कोडच्या ओळी लिहायच्या नसतात. चौकोन मांडायचे आणि एकातून दुसऱ्यात वायर ओढायची. दिसायला अगदीच रूक्ष: पांढरा कागद, काळ्या रेघा, संपलं. १९९६ च्या सुमाराला मिलर पकेट यांनी ते जगापुढे आणलं. त्याच्या दहाएक वर्षं आधी पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत त्यांनीच मॅक्स नावाचा प्रोग्राम लिहिला होता. संगणकावरच्या संगीताचे आद्य पुरुष मॅक्स मॅथ्यूज, त्यांचं नाव त्याला दिलेलं. पीडी हे त्याचंच धाकटं, फुकट आणि खुलं भावंड.

अशा मांडणीला पॅच म्हणतात, तो शब्द मात्र खऱ्या वायरींच्या जमान्यातला. जुन्या मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्रावर, आवाज बदलायचा तर एका भोकातली केबल काढून दुसऱ्यात खुपसावी लागे. असा एक मूग १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला होता. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने तिथला स्टुडिओ उभारून दिला. पीडीमध्ये ती भोकं उरलीत चौकोनाच्या कडेवरच्या बारीक पट्ट्यांपुरती. वरच्या कडेला इनलेट, खालच्या कडेला आउटलेट. वरून माल आत, खालून बाहेर.

(चौकोनाची वरची कड मोठी होत पडदाभर दिसते.)

हा भागाकाराचा चौकोन. वर दोन इनलेट. बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण तशी ती नाहीत. डावं गरम, उजवं थंड. उजव्या दारातून आकडा आला की चौकोन तो मुकाट्याने ठेवून घेतो. हूं की चूं नाही. डाव्या दारातून आकडा आला की मगच भागाकार होतो आणि उत्तर खाली पडतं. उजवीकडे शंभर वेळा आकडा बदला, डावीकडे कुणी आलं नाही तर चौकोन ढिम्म. नवशिक्याचा पहिला आठवडा यातच जातो, आणि चौकोनावर ते कुठेही लिहिलेलं दिसत नाही. मला विचाराल तर पीडीची सगळ्यात मोठी खोड हीच आणि सगळ्यात मोठी सोयही हीच. आधी सगळी तयारी थंड दारांतून करून ठेवायची आणि गरम दाराला एकदाच धक्का द्यायचा, असं नेमकं ठरवता येतं.

आता आपल्या तारेकडे. तार छेडल्याचा आवाज काढायची एक सोपी युक्ती आहे. खरखरीचा एक क्षणभराचा फटका घ्यायचा, तो थोड्या उशिराने परत आत सोडायचा आणि प्रत्येक फेरीला थोडा मवाळ करायचा. उशीर जितका, तितका स्वर खाली. एक हजार भागिले कंपनसंख्या, की उशीर मिलिसेकंदांत मिळतो. काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ धरला तर ७.२ मिलिसेकंद. खालचा पंचम १०३.९५, त्याला ९.६. खर्ज ६९.३, त्याला १४.४.

म्हणजे भागाकाराच्या डाव्या दारात हजार आणि उजव्या दारात कंपनसंख्या. पण बदलतं काय? उजवीकडचं, म्हणजे थंड दारातलं. म्हणून मी कंपनसंख्येच्या चौकोनातून दोन वायरी काढल्या. एक हजारच्या चौकोनाला, त्याला जागं करायला. दुसरी भागाकाराच्या उजव्या दाराला. दिसायला चित्र बिनचूक होतं.

(दोन्ही वायरी आळीपाळीने उजळतात.)

घोळ तिथेच. एका आउटलेटमधून दोन वायरी निघाल्या की आधी कोणती चालणार, हे त्या ओढल्या कोणत्या क्रमाने यावर ठरतं. आणि तो क्रम चित्रात दिसत नाही. मी हजारची वायर आधी ओढली होती. त्यामुळे हजार आधी पोचला, आत ठेवलेल्या जुन्या कंपनसंख्येने भागला गेला, आणि नवी कंपनसंख्या वरात गेल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी मागून आली.

यावरचा उपाय ट्रिगर नावाचा चौकोन. याची आउटलेट नेहमी उजवीकडून डावीकडे चालतात, वायरी कशाही ओढा. उजव्या आउटलेटमधून आकडा थंड दारात. मग डाव्यातून बँग, म्हणजे नुसता धक्का, हजारच्या चौकोनाला. आता ऐका.

(पंचम. जोडी. जोडी. खर्ज.)

मागितला तोच स्वर, मागितला तेव्हाच.

एक तार झाली. तानपुऱ्याला चार हव्यात. सगळं चारदा काढत बसण्यात अर्थ नाही, म्हणून हा पॅच 'तार' या नावाने जतन केला. आता दुसऱ्या कागदावर एक चौकोन काढून त्यात 'तार' लिहिलं की ही फाइल तिथे चौकोन होऊन बसते. मात्र त्याला दारं पाडावी लागतात. आत इनलेट नावाचे दोन छोटे चौकोन ठेवले: एक छेडण्यासाठी, एक कंपनसंख्येसाठी. बाहेर जाणारा आवाज आहे, आकडा नाही, म्हणून आउटलेट टिल्डवालं, त्या नागमोडी चिन्हाचं. आवाजाची वायर आकड्यांच्या वायरीपेक्षा जाड असते, आणि ती नुसते आकडे घेणाऱ्या दाराला लावायला गेलात तर पीडी साफ नकार देतो. आवाजाच्या दोन वायरी एकाच आवाजाच्या दारात आल्या की आपोआप बेरीज होते. आपल्या चार तारा एकत्र ऐकू येतील त्या याच जोरावर.

आता यातली कुठली इनलेट बाहेरून पहिली आणि कुठली दुसरी? नाव नाही, क्रमांकाची चौकट नाही. आतल्या कागदावर जी जास्त डावीकडे, ती पहिली. बस्स. आतला छोटा चौकोन माउसने उजवीकडे सरकवला की बाहेरच्या दारांची अदलाबदल होते. ब्लेंडरसारख्या थ्रीडी प्रोग्राममध्ये नोडच्या, म्हणजे तिथल्या चौकोनांच्या, गटाला इनपुट द्यायचं तर बाजूला रीतसर यादी असते: नाव, प्रकार, सुरुवातीचा आकडा, किमान, कमाल. शिवाय रंगही ठरलेले, आकडा राखाडी, रंगाचं इनपुट पिवळं, दिशा जांभळी. यादीत वरखाली केलं तरी वायरी आपापल्या इनपुटला धरून राहतात. पीडीमध्ये कागदावरची जागा हेच नाव.

(फाइल साध्या मजकुराच्या रूपात उघडते. आकड्यांची एक ओळ उजळते.)

कारण जतन केलेल्या फाइलमध्ये वायर म्हणजे फक्त चार आकडे: कुठल्या चौकोनातून, कितव्या आउटलेटमधून, कुठल्या चौकोनात, कितव्या इनलेटमध्ये. मोजणी शून्यापासून. उद्या मी 'तार'मध्ये अगदी डावीकडे तिसरं इनलेट घुसवलं तर जुन्या पॅचमधल्या सगळ्या वायरी एकेक घर चुकतील. छेडायची वायर नव्या दारात, कंपनसंख्या छेडण्याच्या दारात. आणि तक्रार एकही येणार नाही, कारण आकड्यांच्या हिशेबाने सगळं जागेवर आहे.

दारांखेरीज आत जायची आणखी एक वाट आहे. 'तार'पुढे १०३.९५ लिहिलं की तो आकडा आत डॉलर एक म्हणून मिळतो. म्हणजे प्रत्येक तार जन्मतःच लावलेली. आणि एक चोरवाटही आहे. उशिराची फेरी लिहिणारा चौकोन आणि वाचणारा चौकोन एकमेकांना नावाने ओळखतात, वायरीशिवाय. चारही तारांत ते नाव एकच राहिलं तर चौघी एकाच हौदातलं पाणी उपसतात आणि आवाजाचा चिखल होतो. म्हणून नावाआधी डॉलर शून्य लावायचा. पीडी तिथे प्रत्येक प्रतीसाठी वेगळा आकडा भरतो.

(चार चौकोन ओळीने. खाली एकच जाड वायर जमते.)

पंचम, जोडी, जोडी, खर्ज. जवारी यात नाही. घोडीवर सुताचा धागा सरकवून येणारी ती झणकार या युक्तीत कुठून येणार? निदान तार किती वेळ गुंजावी हे हातात असावं, म्हणून तिसरं इनलेट हवंच आहे. 'तार' उघडतो. इनलेटचा नवा चौकोन घेतो आणि तो सगळ्यांच्या उजवीकडे, पार टोकाला नेऊन ठेवतो. जतन करतो. जुना पॅच पुन्हा उघडतो.

(पंचम. जोडी. जोडी. खर्ज. पडदा काळा. खर्ज विरेपर्यंत आवाज चालू.)