इंटरनेट नेमके कुठे अडते?

श्रोतेहो, नमस्कार.

‘इंटरनेट हळू चालते’ ही तक्रार ‘अंगात बरे वाटत नाही’ या तक्रारीसारखी आहे. ती खरी असते, पण तेवढ्यावरून औषध देता येत नाही. आपण डेस्कटॉपवर एखादे पान उघडतो तेव्हा आपली मागणी संगणकातून निघून तारेने किंवा वाय-फायने राउटरपर्यंत जाते, तिथून सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरते, पुढे कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचते आणि उत्तर घेऊन त्याच वाटेने परत येते. या वाटेवर कुठेही खोळंबा झाला, तरी पडद्यावर गरगरणारे चक्र तेच असते. म्हणून वेग वाढवण्याच्या युक्त्यांपेक्षा खोळंबा नेमका कुठे आहे, हे शोधण्याची रीत आज सांगतो. कागद-पेन्सिल हाताशी ठेवावी, कारण काही आकडे टिपून घ्यावे लागतील.

आधी एककांचा घोळ निस्तरू. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि फाइल उतरवताना संगणक बहुधा वेग दाखवतो तो मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास वेगाने उतरत असेल, तर काहीही बिघडलेले नाही. कित्येक तक्रारी या एका भागाकारातच मिटतात.

ज्यांची मिटली नाही त्यांनी मोजमापाकडे वळावे. वेग मोजणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, पण मोजण्याआधी घरातील इतर उपकरणांची डाउनलोड आणि व्हिडिओ थांबवावेत, आणि सकाळ, दुपार व रात्र अशा तीन वेळांचे आकडे लिहून ठेवावेत. राउटरजवळ मोबाइल धरून मोजलेला वेग चांगला आणि डेस्कटॉपवरचा वाईट असेल, तर दोष घरातच आहे. मात्र मोबाइलवरही वेग कमी आला, एवढ्यावरून कंपनीला दोष देता येत नाही, कारण मोबाइलच्या वाय-फायलाही स्वतःच्या मर्यादा असतात. खात्रीचे मोजमाप एकच: संगणक चांगल्या तारेने थेट राउटरला जोडून केलेले.

चांगल्या तारेने, हे शब्द मी मुद्दाम वापरले. माझ्याकडे ३०० मेगाबिटची जोडणी असताना डेस्कटॉपवरचा वेग कधीच ९५ च्या वर जात नसे. मी दोन आठवडे कंपनीला फोन केले, राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू केला, एकदा तर संगणकाची सगळी प्रणालीही नव्याने घातली. आकडा मात्र ९४ च्या घरात ठाण मांडून बसला होता, आणि तो हलत नव्हता हाच खरा पुरावा होता. गर्दीमुळे किंवा कमकुवत संदेशामुळे मंदावलेला वेग खालीवर होतो, तो दररोज एकाच आकड्यावर येऊन थांबत नाही. १०० मेगाबिटच्या ईथरनेट म्हणजे तारेच्या जोडणीतून, माहितीचे जे छोटे तुकडे म्हणजे पाकिटे जातात त्यांवरच्या पत्त्यांचा आणि इतर व्यवस्थेचा भार वजा केला, की प्रत्यक्ष वापराला सुमारे ९४ मेगाबिट उरतात. म्हणजे माझा संगणक आणि राउटर १०० मेगाबिटवरच बोलत होते. नेटवर्कच्या तारेत आठ बारीक तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. १०० मेगाबिटसाठी त्यातील दोन जोड्या पुरतात, तर गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, चारही लागतात. उरलेल्या जोड्यांपैकी एखादी तार तुटली, की दोन्ही उपकरणे कसलीही तक्रार न करता खालच्या वेगावर तडजोड करतात. माझी तार टेबलाच्या पायाखाली चेपली गेली होती. ती बदलायला दोन मिनिटे लागली.

हे तपासणे अवघड नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क विभागात ईथरनेट उघडले, की जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसले तर आधी तार बदलावी. नवी तार घालूनही आकडा तोच राहिला, तर राउटरचे ते तोंडच १०० मेगाबिटचे आहे का, हे पाहावे.

तार ओढणे शक्यच नसेल तर वाय-फायवर भागवावे लागते, आणि इथे डेस्कटॉपची जागाच त्याच्या मुळावर येते. तो टेबलाखाली भिंतीला टेकून बसलेला, त्याचे अँटेना मागच्या बाजूला, आणि राउटरच्या दिशेला नेमका पत्र्याचा डबा. लांब वायरचा वेगळा अँटेना टेबलावर आणून ठेवला, तरी पुष्कळ फरक पडतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल सर्वसाधारणपणे १, ६ आणि ११ असे तीनच धरले जातात. शेजारपाजारचे सगळे राउटर त्यांतच दाटीवाटी करतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. राउटर फार दूर नसेल तर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा, पण भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो, हे लक्षात असू द्यावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चालू असताना तिच्यातून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास विद्युत गोंगाट होतो. तिच्या शेजारच्याच खोबणीत वाय-फायचा छोटा यूएसबी अडॅप्टर खोचलेला असेल, तर त्याला धड ऐकूच येत नाही. तो एक्स्टेंशन वायर लावून हातभर दूर नेला, की काम भागते.

कधी वेगाचा आकडा उत्तम असतो, तरी पाने अडखळतात आणि व्हिडिओ कॉल तुटतो. अशा वेळी पिंग ही जुनी आज्ञा कामी येते; उत्तर यायला किती वेळ लागतो, ते ती मोजते. १९८३ साली माइक म्यूस यांनी लिहिलेल्या या छोट्या प्रोग्रामला पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून नाव मिळाले. कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत पिंग हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून राउटरचा पत्ता द्यावा. तारेने जोडलेल्या संगणकाला एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर मिळायला हवे. वाय-फायवर हाच आकडा मध्येच शेकड्यांत उडी घेत असेल, तर खोळंबा घरातच आहे. राउटर झटपट उत्तर देतो, पण घरातील कोणी फोटो किंवा व्हिडिओ अपलोड करू लागताच बाहेरच्या सर्व्हरचे उत्तर रेंगाळते, असे आढळले तर अपलोडची वाट तुंबली आहे असे समजावे. पाठवायची पाकिटे राउटरमध्ये किंवा मोडेममध्ये रांग लावून बसतात आणि आपली इवलीशी मागणी त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते. बॅकअपच्या प्रोग्राममध्ये, किंवा सोय असल्यास राउटरमध्येच, अपलोडला क्षमतेपेक्षा थोडी खालची मर्यादा घातली की रांग साचत नाही.

राहिला खुद्द संगणक. टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केले, की सर्वाधिक वापर करणारा प्रोग्राम वर येतो. तो बहुधा क्लाउडवर फाइली चढवणारा, खेळांचे अपडेट आणणारा किंवा विंडोजचा स्वतःचाच असतो. शेजारीच डिस्कचा रकाना आहे. तो सतत शंभर टक्के दाखवत असेल, तर जुन्या हार्ड डिस्कचा दोष आपण इंटरनेटच्या माथी मारत आहोत. ब्राउझरचा संशय असेल तर खासगी विंडोमध्ये तेच पान उघडून पाहावे. व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी ये-जा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, चालू असेल तर ती बंद करून पुन्हा मोजावे. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने संकेतस्थळाचे नाव शोधणे जलद होऊ शकते, पण फाइल उतरण्याचा वेग सहसा बदलत नाही. वेग दुप्पट करून देतो म्हणणारे प्रोग्राम मात्र संगणकावर घेऊच नयेत.

यांतले काही करून पाहताना एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. एवढे होऊनही थेट तारेवरचा वेग रोज रात्रीच कोसळत असेल, तर गर्दी कंपनीच्या जाळ्यात आहे आणि घरातली कोणतीही सेटिंग ती हटवू शकणार नाही. फोन करताना तार थेट राउटरला लावून घेतलेले तिन्ही वेळांचे आकडे सांगावेत आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. तंत्रज्ञाला शक्यतो रात्रीच्याच वेळी बोलवावे, कारण सकाळी आला तर सारे सुरळीत दिसेल आणि तो हसतमुखाने परत जाईल.

नमस्कार.