छाती दाबली की रक्त फिरतं कसं?

श्रोतेहो, नमस्कार.

हृदय बंद पडलं की छाती दाबायची, एवढं आता बरेच जण जाणतात. पण वरून दाबल्यावर आतलं रक्त नेमकं पुढे कसं सरकतं, यावर डॉक्टरांमध्येच वर्षानुवर्षं वाद झाला.

सुरुवात अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झाली. कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग करताना गाय निकरबॉकर यांना दिसलं की झटक्याची जड पॅडल्स छातीवर नुसती दाबून धरली, तरी मांडीच्या धमनीतला दाब वाढतो. तोवर अशा वेळी छाती उघडून हृदय हातानं दाबत. 1960 मध्ये निकरबॉकर, जेम्स ज्यूड आणि विल्यम कौवेनहोव्हेन यांनी छाती न उघडता ते करण्याची पद्धत मांडली. गंमत म्हणजे कौवेनहोव्हेन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते!

त्यांच्या मते हृदय छातीचं हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये पिळलं जातं, आणि झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत. पण 1976 मध्ये मायकेल क्रायली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हृदयाची लय बिघडल्यावरही लगेच जोरजोरात खोकत राहिलेला रुग्ण काही काळ शुद्धीवर राहू शकतो. तिथे हृदय कुणी दाबत नव्हतं. वाढत होता तो अख्ख्या छातीतला दाब. (हे रुग्णालयात, मॉनिटरसमोर घडलं. व्हॉट्सॲपवरचा ‘अटॅक आला तर खोका’ हा सल्ला त्यावरून खरा ठरत नाही.) आज मानतात, की दोन्ही गोष्टी घडतात, कुणाच्या छातीत एक जास्त, कुणाच्या दुसरी.

मला मात्र दाबण्यापेक्षा सोडण्याचा क्षण महत्त्वाचा वाटतो. दाबताना महाधमनीत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात, दोन्हीकडे दाब चढतो. त्यामुळे खुद्द हृदयाच्या स्नायूला फारसं रक्त मिळत नाही. छाती वर आली, की उजवीकडचा दाब उतरतो, महाधमनीतला थोडा टिकतो, आणि त्या फरकावर हृदयाच्या धमन्यांत रक्त शिरतं. शिरांतलं रक्तही त्याच क्षणी छातीत ओढलं जातं. हातांचा भार छातीवर तसाच राहिला, तर हे अडतं. मध्येच थांबलात, तर तो फरक झपाट्यानं नाहीसा होतो आणि पुन्हा जमायला बरेच दाब द्यावे लागतात.

म्हणून माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कुणाला तरी 108 लावायला सांगा आणि स्वतः सुरू करा. मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दरवेळी छाती पूर्ण वर येऊ देऊन. दुसरं कुणी असेल, तर दर दोन मिनिटांनी हात बदला. दमलेला माणूस कमी खोल दाबू लागतो, आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही.