आधी खिडकी, मग नक्षी

पूर्वेकडच्या या खिडकीच्या काचेवर वारली शैलीतला तारपा नाच रंगवलेला आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर ज्या पांढऱ्या आकृती लख्ख उठून दिसतात, त्याच आकृती सकाळच्या उन्हात इथे काळपट सावल्यांसारख्या दिसत आहेत. चित्रात चूक काहीच नाही. पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग अपारदर्शक असतो, तो मागून येणारा उजेड अडवतो आणि त्यामुळे खोलीत बसलेल्या माणसाला त्याचा पांढरेपणा दिसतच नाही. रात्री घरातला दिवा लागला की हाच नाच पुन्हा शुभ्र होतो. म्हणूनच, ज्या खोलीत माणसे संध्याकाळनंतरच निवांत बसतात, तिथे वारली नक्षी शोभते; सकाळच्या चहाच्या जागी तिची निवड करताना विचार करावा.

उजेड आरपार जाऊ देणारी नक्षी हवी असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातील बारा राशींची गोल खिडकी आठवावी. १८७४ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूतील खिडकीप्रमाणे रंगीत काचेच्या जुन्या कामात काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, आणि त्या काळ्या रेघांमुळेच शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत नाहीत. आपल्याकडे रेघांनी बंदिस्त केलेल्या घरांची, म्हणजे कप्प्यांची, अशी नक्षी अंगणातच सापडते, ती म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. तिच्या रेघा काळ्या रंगाने जाड काढाव्यात, कारण उजेडासमोर बारीक रेघ आहे त्याहून बारीक दिसते. मधली घरे पारदर्शक रंगांनी भरावीत. अनेक कंपन्यांच्या ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असतो: तो रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक. पैठणीच्या पदरावरचा मोर मोहात पाडतो खरा, परंतु त्याच्या पिसाऱ्यातले बारकावे दहा फुटांवरून हरवतात.

सरकत्या खिडकीचा प्रश्न वेगळाच आहे, आणि बहुतेकांना तो रंगकाम संपल्यावरच कळतो. दोन्ही झडपांवर मिळून एकच मोठे कमळ काढले, तर खिडकी उघडताच त्याच्या पाकळ्या एकमेकींवर चढतात. शिवाय झडपांमधली फट अरुंद असेल, तर आतला रंग खरवडला जातो. अशा वेळी प्रत्येक झडपेला स्वतंत्र, आपल्यापुरती पूर्ण असलेली नक्षी द्यावी.

शेवटची निवड कागदावर करू नये. काच स्पिरिटने पुसून तिच्या खालच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने प्रत्येक रंगाचा बोटभर ठिपका लावावा आणि तो सकाळी, भर दुपारी व दिवे लागल्यावर पाहावा. काच रंग शोषून घेत नाही, त्यामुळे नापसंत ठरलेला ठिपका पात्याने सहज निघतो. या घरात लाल आणि पिवळा असेच खरवडले गेले, निळा तेवढा राहिला आहे.